तिकडच्या कायद्यातली बायको

पाव्हणे जिना चढून वर आले तेव्हा तहसीन पिठाच्या हातानं तशीच दारात उभी राहिली. पुढं दस्तगीर सुभेदार, हातात कोरेगावच्या वाघ्या घेवड्याची पिशवी. मागं सांगलीच्या संयोगिता वकीलबाई. आणि सगळ्यात शेवटी, दाराबाहेर चपला नीट जोडीनं लावत, सुभेदारांची लेक समरीन. तहसीनच्या नवऱ्याची पहिली बायको. पहिली नव्हे, आधीची. तहसीननं मनातल्या मनात शब्द दुरुस्त केला. पहिली म्हटलं की दुसरी आलीच, आणि पाटण खोऱ्यातल्या तिच्या माहेरात 'दुसरी' म्हणजे शिवी होती.

फोटोत दिसायची त्यापेक्षा समरीन वाळली होती. डोळ्यांखाली काळं आलं होतं. तहसीनला ते बघून बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचाच राग आला.

"या, बसा," ती म्हणाली. "पानी आनते."

बसायला जागा तशी बेताचीच. खाली दुकान, वर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मुदस्सर मणेर इंग्लंडहून हात हलवत परत आला तेव्हा मिरजेत लोक हसले होते. पण त्यानं हॉस्पिटलच्या गल्लीत खाटा, व्हीलचेअर आणि वॉकर भाड्यानं द्यायला सुरुवात केली आणि मिरजेत आजाऱ्यांना काय तोटा! धंदा बरा चालला होता. जिन्यातसुद्धा दोन कमोडच्या खुर्च्या उभ्या होत्या. सुभेदार त्यांना अडखळतच वर आले होते.

दिवाणावर हमीदाबी, तहसीनची सासू, पाय पोटाशी घेऊन बसली होती. तिच्या शेजारी, पण मध्ये चांगली वीतभर जागा सोडून, बंदेनवाज मुलाणी. तहसीनचे अब्बा. पहाटेच्या एस्टीनं निघून आले होते, शेतातल्या तांदळाचं गाठोडं घेऊन. तहसीननंच त्यांना फोन केला होता. "अब्बा, उद्या ती लोकं येनार हायती. तुमी हितं पायजे." म्हातारा कारण न विचारता आला होता.

मुदस्सर खिडकीपाशी उभा. त्याला कुठं बसावं ते सुचत नव्हतं.

"सीधी बात करतो," सुभेदार म्हणाले. फौजेतून येऊन पंधरा वर्षं झाली तरी ते अजून रिपोर्ट दिल्यासारखंच बोलत. "मुदस्सरनं तिकडच्या कोर्टाला जे लिहिलंय, ते त्यानं मागं घ्यावं. बस. मॅटर क्लोज."

"काय खोटं लिहिलंय माझ्या पोरानं?" हमीदाबी म्हणाली. "तुमची लेक माझ्या घरातनं सुटून चार वर्षं होत आली. तो म्हणाला, ती माझी बायको नाही. हे खोटं?"

"खोटं नाही," वकीलबाई म्हणाल्या. "पण तिकडं खरंही नाही."

"या अल्ला," हमीदाबी म्हणाली. "एक तर खरं असेल, नाहीतर खोटं असेल. तिसरं काय असतंय?"

संयोगिताबाईंनी पाण्याचा घोट घेतला. सांगलीच्या कोर्टात निम्मी हयात घालवलेली बाई, अशा घरांतल्या अशा प्रश्नांची त्यांना सवय होती. त्या बंदेनवाजांकडं वळून बोलू लागल्या. या खोलीत नेमकं कोणाला पटवायचंय, ते त्यांनी आल्या आल्या ओळखलं होतं.

"मुलाणीकाका, समरीन आणि मुदस्सरचा निकाह मिरजेत झाला. तो इंग्लंडनं लग्न म्हणून मानला, म्हणून तर नर्स बायकोच्या व्हिसावर नवरा तिकडं जाऊ शकला. पुढं दोघांचं पटलं नाही. तिथल्या मौलवींच्या पंचायतीत जाऊन समरीननं फारकत मागितली, खुला घेतला. मुदस्सरनं राजीखुशीनं दिला. बरोबर?"

"बराबर," बंदेनवाज म्हणाले.

"आपल्याकडं खुला चालतो. कोर्टंही मानतात. म्हणून मुदस्सर इथं येऊन दुसरं..." बाई थांबल्या. तहसीनकडं बघून म्हणाल्या, "इथं येऊन लग्न करू शकला. पण इंग्लंडच्या भूमीवर लग्न मोडायचं, तर ते फक्त तिथल्या कोर्टानंच मोडतं. मौलवींनी मोडलेलं तिथं धरत नाहीत. त्यामुळं समरीन इथं सुटलेली आहे आणि तिथं अजून लग्नातच आहे."

बंदेनवाजांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "म्हंजी मौलानानं लावल्यालं चालतं, आन् मौलानानं सोडवल्यालं चालत न्हाई?"

"लावलं मिरजेत, काका. सोडवलं तिकडं, लेस्टरमध्ये. ज्या गावात उभं राहून करता, त्या गावचा कायदा."

"ह्ये लय भारी हाय," बंदेनवाज म्हणाले. आवाजात कौतुक अजिबात नव्हतं.

पुढचं सुभेदारांनी सांगितलं. समरीनचं कराडच्या एका मास्तराशी ठरलं होतं. विधुर माणूस, सज्जन. त्याला तिकडं न्यायचा अर्ज करायला समरीन तिथल्या वकिलाकडं गेली, तर वकील म्हणाला, बाई, तुमचा पहिला नवरा जिवंत आहे आणि तुम्ही त्याची बायको आहात, दुसऱ्याला कसं बोलावता? म्हणून तिनं तिथल्या कोर्टात रीतसर घटस्फोटाचा अर्ज टाकला. तिकडं आता भांडावं लागत नाही, कारण द्यावं लागत नाही. नवऱ्यानं नुसती पोच द्यायची, सहा-सात महिन्यांत मोकळं. मुदस्सरला मेल आला. आणि त्या मेलवर मुदस्सरनं काय लिहावं? 'माझा विरोध आहे. हे लग्न आधीच संपलेलं आहे.'

"झालं!" सुभेदारांनी मांडीवर थाप मारली. "केस अडकली. आता तारीख पडणार, साक्षी होणार. मास्तराच्या घरचे विचारतायत, पोरगी सुटलेली आहे का नाही? मी काय सांगू? कोरेगावात सुटली आहे, लेस्टरात नाही?"

"मीच लिवाय लावलं," तहसीन म्हणाली.

सगळ्यांनी वळून बघितलं. ती पाण्याचा तांब्या हातात घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. मुदस्सरनं डोळ्यांनी 'नको' म्हटलं. ते तिनं बघितलं आणि सोडून दिलं.

"ह्यांचा काय दोष न्हाई. हे 'हरकत नाही' लिवनार हुते. मी इचारलं, ह्येचा अर्थ काय? तर म्हनले, आमी अजून नवरा-बायको हाय, ते मोडाय माझी हरकत न्हाई. मी म्हनलं, अजून? मग दोन वर्सं मी हितं कोन म्हनून ऱ्हातीया? भाड्याची खाट?"

मुदस्सर मान खाली घालून नखं बघत राहिला. त्या संध्याकाळी त्यानं लिहिलेलं पुसून नवं लिहिलं होतं, तिला वाचून दाखवलं होतं, आणि तहसीननं त्याला आवडतो तसा झणझणीत खिमा केला होता. शांत झोप लागली होती दोघांना. आता तो खिमा सगळ्यांच्या घशात अडकला होता.

खालून हाक आली. "ओ मणेर! वर-खाली होणारी खाट हाय का? पेशंटला आजच सोडनार हायती!"

"आलो, आलो!" म्हणत मुदस्सर जिन्यानं खाली पळाला. अशा वेळी नवऱ्यांना गिऱ्हाईक बरोबर सापडतं.

तो गेला तसे बंदेनवाज सुभेदारांकडं वळले. इतका वेळ त्यांनी ते राखून ठेवलं होतं.

"सुभेदार, एक इचारतो. माझ्या लेकीला हितनं मागनी आली तवा मी कोनाला फोन क्येला हुता?"

सुभेदारांनी घसा साफ केला. "मला."

"तुमालाच. लोकं हसली मला. म्हनली, मुलाणी, सोयरीक करताना नवऱ्या मुलाची चौकशी त्येच्या गल्लीत करत्यात, पयल्या बायकूच्या बापाला कोन इचारतं? मी म्हनलं, त्योच खरं सांगंल. तुमी काय सांगटलं?"

"सांगितलं की माझी मुलगी सुटलेली आहे. बिनघोर द्या."

"बिनघोर," बंदेनवाज म्हणाले. "ह्यो शब्द तुमचाच. त्यो मी जमातीत सांगटला. गावात पाटलाला सांगटला. माझी थोरली भन ढेबेवाडीला सवतीवर दिली हुती, वकीलबाई. आठ दीस हिनं चुलीफुडं बसायचं, आठ दीस तिनं. तिची पाळी नसली की भाकरीला बी इचारायचं न्हाई कोन. मरताना तिनं माझ्याकडनं कबूल करून घेतलं, घरातली पोरगी बायको असल्याल्या मानसाला द्यायची न्हाई. आन् आता माझा जावई साहेबाच्या कोर्टाला लिवून देनार, म्हनं पयली अजून हायच. मंग माझी जबान कुठं ऱ्हायली?"

"मुलाणीभाई, मी तेव्हा खरंच सांगितलं होतं. आजही खरं आहे. खुदा कसम."

"मग तसंच लिवूं दे की तिकडं बी!"

फौजी माणूस, पण सुभेदारांचा चेहरा पडला. ते घेवड्याची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेत राहिले. ती खाली ठेवायची त्यांना अजून आठवण झाली नव्हती.

हमीदाबीला मात्र जोर चढला. "बरोबर बोलले मुलाणीभाई. आम्ही काही मागं घेणार नाही. हिच्या पायी माझं पोरगं परक्या मुलखात गोदामात खोकी उचलत होतं. तेव्हा हिला दया आली नाही."

तहसीनच्या लक्षात आलं, आल्यापासून समरीन एक शब्द बोलली नव्हती.

"हरकत नाही," वकीलबाई शांतपणे म्हणाल्या. "मग केस चालेल. मुदस्सरला व्हिडिओवर साक्ष द्यावी लागेल. खुला कसा झाला विचारतील. नंतर त्यांनी लग्न कधी केलं, तेही विचारतील."

हमीदाबी सावरून बसली. "ते कशाला विचारतील?"

"तिकडं एका वेळी दोन बायका चालत नाहीत, हमीदाबी. गुन्हा लागणार नाही, लग्न इथं झालंय. पण प्रश्न येणारच."

"कोर्ट? साहेबाचं कोर्ट माझ्या पोराला दोन बायकांचं विचारणार?" हमीदाबीचा रंगच पालटला. तिनं 'गुन्हा लागणार नाही' ऐकलंच नव्हतं. 'गुन्हा' तेवढं ऐकलं. "तौबा, तौबा. तसलं नको. बेटा तहसीन, देऊ दे की त्याला लिहून. एका कागदानं काय होतंय? कागद तिकडंच राहणार. इथं कोण बघायला येतंय?"

"अम्मी, आत्ताच तुमी न्हाई म्हनत हुता."

"आत्ता मला कुठं ठाऊक होतं!"

बंदेनवाजांनी लेकीच्या सासूकडं असं बघितलं की ती आणखी वीतभर सरकली.

"बरं," ते म्हणाले. "जावयानं तिकडं लिवावं. पर ह्या पोरीनं मला हितं लिवून द्यावं, की ती चार वर्सांमागंच सुटली, आन् तिचा ह्या घरावर कायबी हक न्हाई."

"देते," समरीन म्हणाली. तिचा आवाज तहसीननं पहिल्यांदा ऐकला. जरा घोगरा होता. "आत्ता देते, काका. पेन द्या."

"अजिबात नाही," वकीलबाईंनी हात आडवा केला. "एका हातानं तिकडं लिहायचं लग्न चालू आहे आणि दुसऱ्या हातानं इथं लिहायचं संपलंय? तो कागद उद्या फोटो काढून कुणी तिकडं धाडला, तर समरीनचाच अर्ज बुडाला. काका, तुमची मुलगी मुदस्सरची कायदेशीर बायको आहे. खुला धरला तरी आहे, नाही धरला तरी आहे. आपल्याकडं मुसलमान पुरुषाला पहिली असताना दुसरी करता येते, त्यामुळं तुमच्या मुलीला कसलाच धोका नाही."

बाईंनी हे धीर द्यायला सांगितलं. पण तहसीनच्या तेच जिव्हारी लागलं.

"त्येच तर म्हनते मी," ती म्हणाली. "धोका न्हाई. तुमचा कायदा मला सवतीवर बी नांदवून घेतो. मला नुसतं बायको ऱ्हायचं नव्हतं, वकीलबाई. एकटीच बायको ऱ्हायचं हुतं."

हे बोलून ती चहा ठेवायला आत गेली, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते तिला त्या बाईसमोर दाखवायचं नव्हतं.

ती बाई तिच्या मागोमाग आत आली.

"मी कप विसळते," समरीन म्हणाली आणि विचारायच्या आत नळाखाली कप धरले. फरशीवर तहसीनची वर्षाची महेक डब्याची झाकणं आपटत बसली होती. समरीननं तिच्याकडं बघितलं, पण उचललं नाही. उचललं असतं तर तहसीनला खपलं नसतं, आणि ते तिला कळलं असावं.

"मला तुझा नवरा नको आहे, तहसीन."

"तसं समदेच म्हनत्यात."

"मी मनापासून म्हणते. तो वाईट माणूस नाही. बायकोच्या पगारावर जगणं त्याला जमलं नाही. आणि तो रोज त्यात झुरतोय हे बघणं मला जमलं नाही. एवढंच झालं. शेवटच्या दिवशी आम्ही दोघं त्या मौलवींच्या ऑफिसातून बाहेर आलो आणि बसची वाट बघत एका बाकावर बसलो. भांडायला सुद्धा काही उरलं नव्हतं."

तहसीननं साखर टाकली. किती चमचे झाले ते तिला कळलं नाही.

"मागच्या थंडीत माझं पित्ताच्या पिशवीचं ऑपरेशन झालं," समरीन म्हणाली. "माझ्याच हॉस्पिटलात. भरती करणारी मुलगी नवीन होती. तिनं विचारलं, जवळचं माणूस कोण? आणि संगणकात बघून स्वतःच म्हणाली, मुदस्सर मणेर, पती. कळवायचं का त्यांना? मी म्हणाले, नको, ते मिरजेत आहेत, त्यांना एक लहान मुलगी आहे. तिनं माझ्याकडं असं बघितलं, की मी भूल द्यायच्या आधीच रडले."

"मंग?"

"मैत्रिणीचं नाव घातलं. पण 'विवाहित' तसंच राहिलं. ते माझ्या हातात नव्हतं."

चहा उतू जायला आला तसा तहसीननं गॅस बारीक केला. मन ऐकायला तयार नव्हतं, पण कान ऐकत होते. ही बाई लबाड असती तर किती सोपं झालं असतं! रडकी असती तरी चाललं असतं.

"मला तिकडं त्याची बायको म्हणून लिहिलेलं तुला आवडत नाही," समरीन म्हणाली. "मला आवडतं का? मोकळं व्हायला मला पुन्हा अर्जावर लिहावं लागलं, हा माझा नवरा."

"आन् आमी न्हाईच लिवलं तर?"

"तर तारीख पडेल. मग पुढची पडेल. वर्ष जाईल, कदाचित दोन. मास्तरांच्या घरचे तेवढं थांबणार नाहीत. त्यांना दोष नाही देत मी."

"आन् तवर तुमी?"

समरीननं कप पालथे घातले. "तोवर मी मुदस्सरची बायको."

तहसीनचा हात जागच्या जागी थांबला. महेकनं झाकण आपटलं, ते घरंगळत दारापर्यंत गेलं. अगं बया, तिला वाटलं, हे कसं आपल्या ध्यानात आलं नाही! आपण दातओठ खाऊन अडून बसलोय ते ही बाई आपल्या नवऱ्याची बायको नको म्हणून. आणि अडून बसलोय म्हणूनच ती अजून बायको आहे. हिचं लग्न मौलवीनं मोडलं, मुदस्सरनं मोडलं, हिनं मोडलं. ते टिकवून धरलंय एकटीनं, पाटणच्या तहसीन मुलाणीनं, स्वतःच्या दोन्ही हातांनी. स्वतःच्या मूर्खपणाचा तिला इतका संताप आला की तिनं गाळणी भांड्यावर आपटली.

"काय झालं?" समरीन दचकली.

"काय न्हाई. कप घ्या. चला भाईर."

बाहेर मुदस्सर परत आला होता. खाट गेली होती. चेहऱ्यावर धंदा झाल्याचं समाधान होतं, ते तहसीनला बघताच मावळलं. सुभेदार आणि बंदेनवाज एकमेकांकडं पाठ करता येत नाही म्हणून दोन वेगवेगळ्या भिंतींकडं बघत होते.

तहसीननं सगळ्यांना चहा दिला. अब्बांना आधी, सुभेदारांना नंतर. मग नवऱ्यासमोर उभी राहिली.

"तुमी काय म्हनता?"

"मी काय म्हणणार? तू म्हणशील तसं."

"मी म्हनंल तसं नगं!" तहसीन कडाडली. "मागल्या टायमाला बी मी म्हनंल तसं केलंत आन् हितवर आलो. तुमचा निकाह, तुमचा खुला, तुमची सही. आन् भांडतोय कोन? माझा बाप आन् हिचा बाप. तुमी बोला."

मुदस्सर सावकाश बसला. त्याला बोलायची सवय नव्हती. भाड्याच्या खाटांखेरीज कशावरही तो फारसं बोलायचा नाही. "मी लिहिलं ते माझ्या दृष्टीनं खरंच होतं," तो म्हणाला. "अल्लाला ठाऊक आहे. पण माझ्या खऱ्यामुळं समरीनची वाट अडली. तिनं कधी माझी अडवली नव्हती. मी खुला दिला तेव्हा ती सुटावी म्हणूनच दिला होता. मागं घ्यावं असं मला वाटतं. पण तुला दुखवून नाही."

"मला दुखनारच हाय," तहसीन म्हणाली. "त्येला काय विलाज न्हाई. घ्या मागं."

हमीदाबीनं "शुक्र आहे" म्हटलं. बंदेनवाज उठून उभे राहिले आणि तांदळाच्या गाठोड्याचं रिकामं फडकं घडी करून खाकेत मारलं.

"मी निगतो," ते म्हणाले. "मला ह्ये बघायचं न्हाई."

"बसा, अब्बा."

"तहसीन, तुझ्या आत्याला मी..."

"बसा म्हनते न्हवं! आत्याला इचारलं हुतं का कोनी? तिला आनून चुलीफुडं बसवली. मला कोन बसवत न्हाई हितं. मी म्हनतीया, म्हनून व्हतंय ह्ये. तुमच्या डोळ्यांसमोर व्हऊं दे."

म्हातारा बसला. लेक एवढ्या आवाजात आपल्याशी कधी बोलली होती ते त्याला आठवेना.

सुभेदार आपला कप खाली ठेवून समोर आले आणि बंदेनवाजांच्या पुढ्यात सरळ फरशीवर बसले. "मुलाणीभाई, वकीलबाई लिहू देत नाहीत. पण बोलायला काय हरकत आहे? तेव्हा फोनवर बोललो होतो, आता तोंडासमोर बोलतो. माझी मुलगी तुमच्या जावयापासून सुटलेली आहे. कोरेगावात कुणीही विचारलं तरी हेच सांगेन. तुमची जबान खाली पडली नाही."

बंदेनवाजांच्या गावच्या प्रत्येक जत्रेला बकरं मुलाण्याच्या सुरीखाली जायचं आणि मुलाण्याचा वाटा कधी कुणी लिहून दिला नव्हता. पिढ्यान् पिढ्या तो नुसत्या बोलण्यावर घरी येत होता. "वर बसा, सुभेदार," बंदेनवाज म्हणाले. "फरशी गार हाय."

वकीलबाईंनी तिकडच्या वकिलानं पाठवलेला मजकूर मुदस्सरच्या फोनवर आणला. चार ओळी. त्या त्यांनी मराठीत समजावून सांगितल्या: मी माझा विरोध मागे घेतो. आमचा खुला इंग्लंडमध्ये झाला, त्यामुळे तिथल्या कायद्याप्रमाणे तो घटस्फोट ठरत नाही, हे मला मान्य आहे. समरीन ही त्या कायद्याप्रमाणे अजून माझी पत्नी आहे. तिला घटस्फोट द्यायला माझी हरकत नाही.

"त्या कायद्याप्रमाणे," हमीदाबी घाईनं म्हणाली. "ऐकलं ना, मुलाणीभाई? त्या कायद्याप्रमाणे!"

मुदस्सरनं खाली नाव लिहिलं. मग अंगठा तसाच वर धरून बसला. पुढं जाईना.

"लिवलंय न्हवं?" तहसीन म्हणाली.

"लिहिलंय."

"वाचा एकदा. मोठ्यानं. अब्बांना ऐकूं दे."

त्यानं वाचलं. 'अजून माझी पत्नी आहे' इथं त्याचा आवाज अडखळला. समरीन खिडकीकडं तोंड करून उभी होती. तिचे खांदे हलत होते. सुभेदार उठून लेकीपाशी गेले, पण हात कुठं ठेवावा हे त्यांना कळेना.

बंदेनवाजांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. ते लेकीकडं बघत होते. रागावलेले नव्हते, घाबरलेले होते.

"ती त्येंची बायको," ते म्हणाले. "मग तू कोन, पोरी?"

"मी बी त्येंची बायकोच, अब्बा," तहसीन म्हणाली. "ती सुटंस्तवर हाय. मी मरंस्तवर."

आणि नवऱ्याच्या हातातला फोन घेऊन तिनं स्वतःच तो मेल पाठवून दिला.